बिनपथ्याचं औषध

आटगाव स्टेशनावर उतरलो तेव्हा माझ्याजवळ दोन पेट्या होत्या आणि बोलायला कोणी नव्हतं. पेट्यांत सर्दीच्या मलमाच्या डब्या आणि गोळ्या. कंपनीने बजावलं होतं, डोळखांबकडे माल खपला तर नोकरी पक्की, नाहीतर रामराम. बायको जाऊन वर्ष झालं होतं. ही फिरती सुटली तर रिकाम्या खोलीत दिवस काढावे लागणार, त्याचीच मला धास्ती होती.

लढाईच्या आधीचा तो हिवाळा. बैलगाडी कापलेल्या खाचरांमधून सागाच्या रानात शिरली आणि गारठ्याने मलाच पडसं झालं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात. इथे कोरडं तरी कुठे होतं! गाडीवान हसला. मी मात्र ओशाळलो.

डोळखांबजवळच्या एका पाड्यावर, छोट्याशा वस्तीत, खळ्यात भाताची झोडणी चालली होती. मलमाचा वास सगळ्यांना आवडला. दहा-बारा हात पुढे आले. खळ्याची मालकीण सखूबाई, माझ्याहून बरीच मोठी, तिने विचारलं, "पथ्य काय याला?"

मी ऐटीत म्हणालो, "काही नाही! ताक प्या, गार पाण्याने न्हा, खुशाल!"

डब्या एकेक करून पेटीवर परत आल्या.

"पथ्य नाय, तं औषद कसला रे?" सखूबाई म्हणाली. "आमच्यात औषद देणारा तीन दिस दारावर येतो. काय खाल्लास, इचारतो. तू तं देऊन चाललास."

उत्तरादाखल मला शिंकच आली. तिने मला चुलीपाशी बसवलं, आल्याचा काढा दिला आणि बजावलं, "तीन दिस दही नाय, ताक नाय. डोकी भिजवायची नाय."

"आणि नाही पाळलं तर?"

"मी इचारीन ना."

"मी उद्या निघणार, बाई."

"मंग घरची इचारतील."

मी मान डोलावली. खरं सांगायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी परतलो. भरल्या पेट्या पाहून कंपनीच्या साहेबांनी मला रामराम केलाच. त्या दुपारी खाणावळीत ताटात दह्याची वाटी आली. मी ती परत केली. वाढप्याने कारण विचारलं नाही.

तिन्ही दिवस पथ्य काटेकोर पाळलं. चौथ्या दिवशी उठलो तर नाक मोकळं होतं. इतका आनंद झाला, की कोणाला तरी सांगावं म्हणून दार उघडून बाहेर आलो आणि तिथेच थांबलो. सांगायचं होतं ते सखूबाईला.