बख्शी का तालाबच्या चिखलात टिलव्याचे पाय

जायचं मी ठरवलं ते सासऱ्यांसाठी. दादा साताऱ्याहून आमच्याकडे लखनौला आले ते दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "जेवढं दिसतंय तेवढं पुरे." त्यांच्या एका मित्राचा डोळा ऑपरेशननंतर कायमचा गेला होता, त्याची धास्ती. दादा मात्र चाळीस वर्षं तळ्याकाठी उकिडवे बसून पक्षी बघत आले होते. म्हटलं, एकदा पाणथळीवर नेऊ, कदाचित मन वळेल. गोष्ट नव्वदच्या दशकातली, पण जायचं असेल तर मोसम आजही तोच. सप्टेंबरात पाऊस ओसरला की तळ्यांच्या कडा उघड्या पडतात आणि उत्तरेकडून लांबचा पल्ला मारून आलेले पक्षी तिथल्या चिखलात उतरतात.

महानगरहून उजाडताना निघालो. कपूरथला चौकात टेंपो मिळाला. सीतापूर रोडने बख्शी का तालाब या कसब्यापर्यंत माणशी चार-पाच रुपये आणि खड्डे मोफत. माझा नवरा विनय रेल्वेत इंजिनिअर. आमच्या दुर्बिणीतून दूरचं नीट दिसत नाही म्हणून त्याने भंगाराच्या लिलावात घेतलेली जुनी डंपी लेव्हल बरोबर आणली होती. जमिनीचे चढउतार मोजायचं हे तिपाईवरचं यंत्र, पण त्यात दुर्बीण असते. रस्त्यात एअर फोर्सची भिंत लागते, तिथे असलं काही बाहेर काढू नका. आम्ही ते चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं, त्यामुळे ते जास्तच संशयास्पद दिसत होतं.

तिथे उतरून तिठ्यावर खस्ता कचोरी आणि आलूची सब्जी खाल्ली. दादांनी सब्जी दोनदा मागून घेतली, माझ्या दशम्यांचा डबा तसाच राहिला. पुढे घोड्याच्या एक्क्याने पाणथळीजवळच्या गावापर्यंत आणि मग बांधावरून पायी. उकाडा असा की साडी अंगाला चिकटली होती, पण समोर झील आली आणि मी सगळं विसरले. अर्ध्या पाण्यावर शिंगाड्याची पानं, अर्धा भाग आटून चिखल, आणि त्या चिखलावर शेकडो पाय लगबगीने चाललेले.

विनयने तिपाई ठोकली आणि पाच मिनिटांत अर्धं गाव गोळा झालं. शिंगाड्याची लागवड करणारे रामदीन कंबरभर पाण्यातून बाहेर आले. त्यांनी हात जोडले. "साहब, लाइन किधर से निकलेगी? हमारा तालाब तो नहीं जाएगा?"

रेल्वेचा सर्व्हे आला असं त्यांना वाटलं होतं. चूक त्यांची नव्हतीच. तिपाई लावून पक्षी बघणारा माणूस कोणी कधी पाहिला होता? विनय म्हणाला, "अरे भैया, चिड़िया देख रहे हैं." कोणाचाही विश्वास बसेना. शेवटी त्याने रामदीनना डोळा लावायला सांगितलं.

रामदीननी बघितलं आणि मागे सरकले. "साहब, ये तो उल्टी खड़ी हैं."

जुन्या लेव्हलमधून सगळं उलटं दिसतं. गाव खो खो हसलं आणि मग एकेकाची रांग लागली. रामदीन मात्र जागा सोडेनात. "लंबी टाँगें हैं, लाल. टाँगें ऊपर, आसमान नीचे."

मागे बांधावर बसलेले दादा म्हणाले, "शेकाट्या."

"एक दौड़ता है, रुकता है, फिर दौड़ता है. गले में काली पट्टी."

"कंठेरी चिखल्या. और?"

तासभर हेच चाललं. रामदीन सांगत होते, दादा नावं देत होते आणि मी वहीत लिहीत होते. किती महिन्यांनी त्यांचा आवाज असा चढलेला ऐकला. मला फार आनंद झाला, उगाच लपवत नाही.

मग रामदीन म्हणाले, "एक इत्ती-सी चिरैया है, गौरैया से भी छोटी."

दादा उठून उभे राहिले. "टिलवा. पैर काले हैं या पीले?" टिलव्यांत दोन भाऊबंद असतात, ओळख पायांच्या रंगावर.

"पैर तो कीचड़ में सने हैं, बाबूजी."

विनयने बघितलं. तो म्हणाला काळे. मी बघितलं, मला पिवळे वाटले. आम्ही तिथेच भांडायला लागलो. दादांनी आम्हाला बाजूला सारून स्वतः डोळा लावला. बराच वेळ लावला. मग दुसरा डोळा लावून पाहिला.

"धुकं आहे नुसतं," ते म्हणाले. रामदीननी त्यांना हात धरून बांधावर बसवलं.

परतताना टेंपोत ते डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, नेऊन चूकच केली, होतं नव्हतं ते सुखही आपण घालवलं. घरी आल्यावर मी वही उघडून टिलव्यापुढे "काळे" लिहायला घेतलं, वाद मिटवावा म्हणून.

"लिहू नकोस," दादा मोरीत पाय धुताना म्हणाले. "तुम्हा दोघांवर माझा विश्वास नाही."

पाय पुसून ते बाहेर आले, खुर्चीत बसले आणि विनयला म्हणाले, "डॉक्टरांना फोन लाव. आणि विचार, ऑपरेशननंतर किती दिवसांनी चिखलात जाता येतं."