दुसऱ्या बाजूचं पॅडल

अन्याय झाला तो रंजना बोडके यांच्यावर. नव्व्याण्णव साली, गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. पंचवटीतल्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलच्या मालकानं त्यांच्याकडून गाडीची किल्ली मागून घेतली आणि "उद्यापासून येऊ नका" म्हणून सांगितलं. आमच्या कॉलनीच्या महिला मंडळातल्या बायका त्याच्याकडे घोळक्यानं तक्रार करून आल्या होत्या: बाई शिकवत नाहीत, भर रस्त्यात अपमान करतात. घोळक्याच्या पुढे माझी आई होती. हे लिहिताना लाज वाटते, आणि वाटलीच पाहिजे.

शिकवायच्या गाडीत क्लच आणि ब्रेक दोन ठिकाणी असतात. एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरी शिकवणाऱ्याच्या. दोन्ही आतून जोडलेल्या. इकडे दाबलं की तिकडचंही खाली जातं. रंजनाबाई गाडीत बसल्या की चपला काढून सीटखाली सरकवायच्या आणि अनवाणी पाऊल त्या दुसऱ्या क्लचवर ठेवायच्या. दाबायला नाही, नुसतं टेकवून. शिकणारीचा पाय घाबरला, अडला, भसकन सुटला, सगळं त्यांच्या तळव्याला कळायचं. "तोंडानं काय बी सांग, तुझा पाय माझ्याशी खोटं नाय बोलत." मालकाला ते अनवाणी पाय गावठी वाटायचे. जवळच्या मखमलाबाद गावातल्या भाजीवाल्यांच्या घरातली बाई, बापाचा टेम्पो मार्केटला नेता नेता शिकलेली. तिच्याकडून आणखी काय अपेक्षा ठेवणार, असं तो गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा.

त्याचे बाकीचे मास्तर काय करायचे? शिकणारीचा पाय चुकायला लागला की गुपचूप आपल्या बाजूचा क्लच दाबायचे. गाडी बंद पडायची नाही. "वा मॅडम, हात बसला तुमचा." मॅडम खूश, लायसन हातात. रंजनाबाईंना हे जमायचं नाही. त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या, "पॅडल एकदम हलकं लागलं तर समजायचं, काम दुसरंच कोणीतरी करतंय. जड लागलं पायजे. जड लागतं तवाच पाय शिकतो." ब्रेकवर मात्र त्यांचा पाय कायम तयार. त्यांनी गाडी कधी कुणाच्या अंगावर जाऊ दिली नाही.

एकदा पंचवटीतल्याच मालेगाव स्टँडच्या चढावर आईची गाडी बंद पडली. मागे एसटी हॉर्न वाजवतेय, पानटपरीवरचे टोळभैरव म्हणताहेत, "काकू, उतरा, ढकलून देतो." आई रडकुंडीला आली. "अहो, दाबा ना तुमचं."

"ब्रेक माझ्या पायाखाली हाय. मागं जाणार नाय. क्लच तुझा. हळू सोड. गाडी थरथरली का पाय तिथंच धर."

आईनं दार उघडलं, उतरली आणि रिक्षानं घरी आली. त्यानंतर ती तक्रार. मग दुसरा मास्तर, मग लायसन. ते लायसन आमच्या कपाटात आहे. ओळख पटवायची वेळ आली की बाहेर निघतं. गाडी बाबा चालवतात.

मला हे सगळं कळलं ते रंजनाबाईंकडूनच, पाच-सहा वर्षांनी. तेव्हा मी बायकांच्या एका संघटनेचं काम करायचे; तिची पत्रकं वाटत मखमलाबादला गेले होते. पत्र्याच्या शेडमध्ये शिवणक्लास चालला होता. पायमशिनवर एक मुलगी, आणि तिच्या पायाशेजारी, मशिनच्या पॅडलच्या कडेला टेकलेलं बाईंचं अनवाणी पाऊल. मी आडनाव सांगितलं, कॉलनी सांगितली.

"चढावर उतरली तिची पोरगी तू? पाय लय चांगला होता गं तिचा. अजून दोनदा बंद पडली असती, मग बसला असता."

त्यांना गाडी पुन्हा कुणी दिली नव्हती. 'अपमान करणारी बाई' हे नाव शहरातल्या सगळ्या स्कूलांत त्यांच्या आधी पोचलं होतं. मी तिथल्या तिथे तावातावानं म्हटलं, "आपण मोर्चा काढू."

"मोर्चा ऱ्हाऊ दे. घरी गाडी हाय का?"

बाबांच्या मारुतीत दुसरी पॅडलं नव्हती. बाईंनी चपला काढल्या आणि तळवे गाडीच्या फरशीवर सपाट टेकवले. "आता हितून कळंल तेवढं." हात हँडब्रेकवर. त्याच चढावर माझी गाडी बंद पडली, पुन्हा पडली. मग एकदा पायाखाली क्लच जड झाला, सीटमधून थरथर वर आली, आणि मी तिथंच धरलं. बाईंनी हँडब्रेक सोडला. गाडी जागची हलली नाही. मग सरळ चढ चढली. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी काय केलं नाय. बघितलंस ना?"

घरी आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, मी तव्यावर भाजत होते.

"तिनं मला चारचौघांत रडवलं होतं."

"आणि तू तिला घरी बसवलंस."

"तव्यावरची काढ, करपली," एवढंच आई म्हणाली. पोळी करपली नव्हती.

यंदा आठ मार्चला आमच्या मंडळानं त्याच मालकाला शाल-श्रीफळ दिलं. महिलांना स्वावलंबी केल्याबद्दल. आईनं टाळ्या वाजवल्या. मी उभी राहून विचारलं, "आज स्वतः गाडी चालवत कोण कोण आलं?" कुणीतरी म्हणालं, "आजच्या दिवशी कशाला तो विषय." बाहेर फाटकाशी नवरे गाड्या सुरू ठेवून थांबले होते. इतकी लाज मला मोर्चात पोलिसांनी गाडीत कोंबलं तेव्हाही वाटली नव्हती.

बाईंना शालीचं सांगितलं. त्या हसल्या. "घेऊ दे, थंडी असंल त्याला." मग मशिनचं चाक हातानं उगाच फिरवत म्हणाल्या, "पोरी शिकवायच्या ऱ्हाऊन गेल्या माझ्या. तेवढंच लागतं मनाला."

त्या घोळक्यात तुम्ही होतात, किंवा टाळ्या वाजवणाऱ्यांत होतात, तर तुमच्याकडे एकच मागणी आहे. मखमलाबादला जा, रंजना बोडके यांच्या शेडमध्ये, पोरींच्या देखत त्यांची माफी मागा आणि तुमच्या गाडीची किल्ली त्यांच्या हातात द्या. जाताना नवऱ्याला गाडी काढायला सांगू नका. स्वतः चालवत जा.