एकही माणूस न पडलेली लढाई

चकलांब्याच्या सुंदररावांना जगातल्या सगळ्या लढाया पाठ होत्या; बांधापलीकडच्या बद्रीनाथाशी मात्र त्यांचं बोलणं बंद होतं. औरंगाबादेत फारसी शिकून आलेला हा विद्वान ओट्यावर ज्वारी मांडून जर्मनांच्या फौजा हलवायचा आणि तुर्कांनी इंग्रजांशी कसं वागावं ते गावाला समजावायचा. गाव माना डोलवायचं, फौजा कोंबड्या टिपायच्या. ‘घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा’ ही म्हण त्यांच्या बायकोला, बायनाबाईला, वेगळी शिकवावी लागली नाही.

घर चालायचं ते एका इनामी रानावर. राक्षसभुवनाला गोदेकाठी पेशव्यांनी निजामाची फौज गाठली, तेव्हा निजामाकडून लढताना सुंदररावांचे पूर्वज सटवाजी पडले. त्या रक्ताबद्दल निजाम सरकारनं त्यांच्या पोरांना जमीन दिली. रानात सटवाजींच्या नावाचा शेंदूर फासलेला दगड होता. दर अवसेला घरच्या बाईनं तिथं निवद ठेवायचा आणि ‘तुमच्या रक्ताचं खातोय, बाबा’ असं म्हणायचं, अशी रीत होती. बायनाबाईनं ती कधी मोडली नाही.

सासरे वारले आणि इनाम पुढं चालवायला बीडच्या कचेरीत वारसाची चौकशी लागली. सनद वाळवीनं केव्हाच खाल्ली होती. लढायांचे नकाशे रुमालात जपणाऱ्या पंडिताला घरची सनद उन्हात घालायचं सुचलं नव्हतं. आता भरवसा रानातल्या दगडाचा आणि गावातल्या म्हाताऱ्या नबीभाईंच्या साक्षीचा.

नेमका त्याच साली सुंदररावांचा ग्रंथ छापून आला. विषय सरकारच्या लढाया आणि तहनामे, भाषा उर्दू, हेतू दरबारच्या इतिहासकाराची पदवी मिळवण्याचा. राक्षसभुवनाचं पान त्यांनी बायकोला मराठीत वाचून दाखवलं. निजामाच्या फौजेनं म्हणे अपार मुत्सद्देगिरीनं माघार घेतली आणि एकही माणूस पडला नाही.

“मंग आपले सटवाजीबाबा कशानं मेले? पडसं झालतं का?” बायनाबाई म्हणाली.

“डावपेच तुला कळायचे न्हाईत.”

“मला रान कळतंय. तेवढं पान लपवून ठिवा.”

पण हौसेला मोल नसतं. चौकशीच्या दिवशी सुंदररावांनी तालुकदारसाहेबांपुढं पहिल्यांदा काय ठेवलं असेल तर तो ग्रंथ, रेशमी रुमालात गुंडाळून. साहेब वाचणारे निघाले, हे नशीब. नबीभाईंनी सांगितलं, आमच्या आज्यानंबी त्या दगडाला हात जोडलेत. साहेबांनी ऐकून घेतलं, पान उघडलं आणि विचारलं, “एक भी आदमी नहीं गिरा, तो ये जमीन किसके खून की?”

सुंदरराव रेशमी रुमालाची घडी घालू लागले. साहेब भले होते. त्यांनी पुन्हा विचारलं, “किताब गलत है, या दावा?”

बायनाबाई दाराशी पदर मुठीत धरून उभी होती. ‘किताब गलत है, हुजूर’ एवढंच म्हणायचं होतं. जीभ काही झिजली नसती. नवरा एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कामाचं बोलेल, असं त्या वेडीला वाटलं.

सुंदररावांनी पागोटं सावरलं. म्हणाले, “किताब सही है, हुजूर.”

रान सरकारजमा झालं. पुढं ते बद्रीनाथानं कसायला घेतलं. दरबारातून काही आलं नाही, आणि यायचंही नव्हतं. सुंदरराव मात्र ओट्यावर बसून रशियाला शहाणपण शिकवत राहिले. आता ज्वारीच्या जागी खडे मांडायचे, एवढाच फरक.

पुढच्या अवसेला बायनाबाई निवद घेऊन रानात गेली नाही. तिनं ताट नवऱ्यापुढं ठेवलं.

“बद्रीनाथाच्या रानात खुरपून आनलेली भाकर हाय ही,” ती म्हणाली. “आजवर म्हनत आले, तुमच्या रक्ताचं खातोय. तुमच्या पुस्तकात तर कुनी मेलंच न्हाई. आता कुनाचं खातोय म्हनू, तेबी लिहून द्या.”

सुंदररावांनी भाकरी मोडली आणि ते खायला लागले.