कापसामागचं मॉडेम

एका ड्रॉवरमध्ये जुन्या वायरी टाकत गेलं, की एक दिवस ड्रॉवर उघडतच नाही. लोकांच्या घरचे कॉम्प्युटर नीट करत फिरणाऱ्याच्या किश्श्यांचं तसंच होतं. एक ओढायला जावं तर त्याला गुंतून चार बाहेर येतात.

मी तेव्हा मारेगावला कॉम्प्युटर शिकवायचो. बसस्टँडजवळ जावेदभाईंचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसला कंटाळून आम्ही दोघांनी ओळखीच्या घरांत विंडोज काढून लिनक्स टाकून द्यायचा सपाटा लावला होता. फुकट मिळायचं, व्हायरसची कटकट नाही. अडचण एकच. बिघडलं की पंचक्रोशीत आम्ही दोघंच!

*

एका मुख्याध्यापकांच्या लॅपटॉपचं वायरलेस गेलं. वायरलेस चालायला ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम पाहिजे, ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे आणि नेटसाठी वायरलेस पाहिजे. विहिरीत उतरायला दोर हवा आणि दोर विहिरीतच पडलेला!

जावेदभाईंनी दुकानातल्या नेटवरून ड्रायव्हर उतरवून आणला. चालेना. मी दुसरा टाकला. चालेना. शेवटी अख्खं लिनक्स पुसून नव्यानं टाकलं, तेही दोनदा. दोन तास गेले, तीन वेळा चहा झाला.

तिसरा चहा ठेवता ठेवता मुख्याध्यापकांच्या मिसेस म्हणाल्या, "दसऱ्याच्या पूजेले पुसला होता मी. बाजूनं एक लहानसं बटन अर्धवट सरकलेलं दिसलं, तं नीट लावून देलं."

जावेदभाईंनी बटण सरकवलं. वायरलेसचा निळा दिवा लागला.

"सर," ते मला हळूच म्हणाले, "अगले साल दसरे को मैं खुद आऊंगा!"

*

आमचं सगळ्यात लांबचं गिऱ्हाईक म्हणजे मुकुटबनजवळचे प्रभाकरभाऊ. घरची शेती, कापूस आणि तूर. त्यांची वैशाली माझी विद्यार्थिनी. ती पुण्याला नोकरीला गेली, जाताना घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून गेली आणि पुण्यातून त्यात लॉगिन करता येईल अशी सोय करून गेली.

पुढं तिनं ऑफिसातल्या एका मुलाशी लग्न करायचं ठरवलं. भाऊंनी तिच्याशी बोलणं टाकलं. फोन वाजला की उठून अंगणात जायचे.

पण दर रविवारी सकाळी दहाला भाऊ कॉम्प्युटर मात्र चालू करायचे. वैशाली तिकडून लॉगिन करायची, काही अपडेट टाकायची, स्क्रीनवर एखादी चिठ्ठी ठेवायची. स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरायचा आणि भाऊ समोर खुर्ची टाकून बघत बसायचे. चिठ्ठीला उत्तर नाही, पण खुर्चीही सोडायचे नाहीत.

"सर, बाबांचं आणि माझं एवढंच उरलंय," वैशाली मला म्हणाली होती. "तेवढं लॉगिन तुटू देऊ नका."

तेव्हापासून त्या घरचा फोन आला, की मी हातातलं काम टाकून उठायचो.

*

नेट अडलं तर काय टाइप करायचं, ते वैशालीनं कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं होतं. एक ओळ, मग पासवर्ड. एका रविवारी भाऊंचा फोन आला.

"सरले सांगा, कीबोर्ड मेला! ती ओळ बराबर उमटली. पासवर्ड टाकून राह्यलो तं एक अक्षर उमटून नाही राह्यलं!"

मी घरी नव्हतो. फोन घरच्यांनी घेतला आणि निरोप जावेदभाईंना दिला. ते नवा कीबोर्ड बगलेत मारून, वणीला गाडी बदलून तिथं पोचले. बघतात तर जुना कीबोर्ड ठणठणीत!

"भाऊ, पासवर्ड दिखताच नहीं. चोराले दिसू नये म्हणून," जावेदभाईंनी समजावलं.

"चोराले नका दाखवू ना!" भाऊ उसळले. "मी तं घरचा हाय!"

*

दुसऱ्याला हसणं सोपं असतं. आता माझं ऐका.

भाऊंकडचं वायरलेस अडकत होतं. मी मारेगावहून ऐटीत लॉगिन केलं. वायरलेस एकदा बंद करून परत चालू करायचं, दोन ओळींचं काम. पहिली ओळ मारली. वायरलेस बंद झालं. दुसरी ओळ आता कशावरून पाठवणार? बसल्या फांदीवरच कुऱ्हाड घातली होती मी!

भाऊ लग्नाला वरोऱ्याला गेलेले, वहिनी, म्हणजे वैशालीची आई, कीबोर्डला हात लावायला तयार नाहीत. शेवटी दोन एसट्या बदलून गेलो आणि एक ओळ टाइप केली. पाऊण मिनिट लागलं.

"बरं झालं बंद पाडलं तुम्ही," वहिनी ताट वाढत म्हणाल्या. "नाही तं तुम्ही कायले जेवाले येता!"

जेवण भरपेट झालं. बस यायला वेळ होता, म्हणून गादीवर जरा पडलो. अशी गादी, की उठवेना. वहिनींना तसं बोललो.

"माह्या लग्नातली हाय. बापानं घरच्या वावरातल्या कापसाची भरून देल्ली होती," त्या म्हणाल्या. "लेकीले इकतची गादी देत नाहीत आमच्यात."

*

त्या वर्षी कापसाचे भाव पार पडलेले. दिवाळीनंतर भाऊंकडचा सिग्नल कमी कमी होत गेला. वैशाली पुण्याहून आकडे कळवायची. सत्तर टक्के होता, पंचावन्न झाला, चाळीसवर आला. मी चॅनल बदललं, ड्रायव्हर बदलला, कंपनीला शिव्या घातल्या. मग एका रविवारी लॉगिनच झालं नाही.

"सर, बाबांनीच बंद केलं असेल का हो?" वैशालीनं विचारलं. तिचा आवाज ऐकून मला बसवेना.

जावेदभाई नवा अँटेना घेऊन माझ्याबरोबर आले. भाऊ बैठकीत, कॉम्प्युटर चालू, खुर्ची टाकलेली. म्हणजे त्यांनी बंद केलं नव्हतं. मॉडेम मधल्या खोलीत होतं. फोनची लाइन तिथंच येत होती आणि उंबरठ्यावरून काळी वायर ओढायला वहिनींचा सक्त नकार होता. मी मधल्या खोलीचं दार ढकललं. ते चार बोटं उघडलं आणि अडलं.

आत आढ्यापर्यंत कापूस!

"भाव नाही तं कापूस घरातच राहीन," भाऊ शांतपणे म्हणाले. "तो काय खाऊन राह्यला?"

कापूस खात नव्हता, पण ओलसर होता आणि सिग्नल पीत होता. जावेदभाई फटीतून आत शिरले. बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू येत होती. बाहेर आले ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, दोन्ही हातांत मॉडेम, मागं लांबलचक तार आणि तीन दिवे लुकलुकतायत.

"जिंदा है!" ते ओरडले.

मॉडेम तात्पुरतं दाराच्या चौकटीवर टांगलं. लॉगिन झालं.

*

भाव जरासा हलला तसा भाऊंनी कापूस विकला. खोली रिकामी झाली, मॉडेम परत आपल्या फळीवर गेलं. वैशालीचा फोन आला, सिग्नल नव्वद! आम्ही निर्धास्त झालो.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा पन्नासवर आला आणि लॉगिन तुटायला लागलं. मी रविवारी जाऊन धडकलो. वैशालीला फोन लावला, स्पीकरवर ठेवला, म्हणजे ती तिकडून आकडा सांगेल आणि मी इकडे शोधेन. भाऊ दारात उभे राहिले. स्पीकरवर लेकीचा आवाज आला, तरी या वेळी ते अंगणात गेले नाहीत.

मधल्या खोलीत फळीच्या अगदी पुढ्यात एक मोठी लोखंडी पेटी उभी केली होती. तिच्यावर चादरीत बांधलेली कापसाची दोन गाठोडी. मॉडेम पार झाकलेलं. मी गाठोड्याला हात घातला.

"त्याले नका हलवू," भाऊ म्हणाले. "तुमचं मॉडेम हलवा."

"भाऊ, सगळा विकला ना? मग हा काहून ठेवला? अजून भाव वाढायची वाट पाहता काय?"

"हा इकायचा नाही. निवडून ठेवला हाय. पिंजाऱ्याले सांगतलं मी."

मी मॉडेम वरच्या खुंटीला अडकवलं आणि विचारलं, "वैशाली, किती दिसतंय?"

"नव्वद, सर," ती म्हणाली. आवाज भिजलेला होता.

भाऊ एक पाऊल आत आले. फोनकडे न बघता मला म्हणाले, "तिले इचारा, पोराची उंची किती हाय? गादी आखूड नाही पडली पाह्यजे."