रेषेच्या अलीकडे

आर्णीतल्या शाळेत खेळाचा तास सुरू झाला की सगळी मुलं मैदानाकडे पळायची आणि माझी मुलगी ऑफिसबाहेरच्या स्टुलावर जाऊन बसायची. चौथी आणि पाचवी, अशी दोन वर्षं. तिला ऑटिझम आहे. गोंगाट, धक्काबुक्की, अचानक कुणी हात लावणं तिला सोसत नाही. तिला बसवून ठेवा असं शाळेनं कुठं लिहून दिलं नव्हतं. "ताई, तिले त्रास होते मैदानात, बसू द्या ना," एवढं गोड बोलून ते काम झालं होतं. आधी मीही मान डोलावली. मग एकदा अर्ध्या सुट्टीनंतर डबा द्यायला गेले, तर ही स्टुलावर बसून ऑफिसच्या पंख्याकडे बघत होती आणि मागून मैदानावरचा कल्ला ऐकू येत होता. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

सहावीत गेल्यावर मी ठरवलं, हिला एक खेळ शोधून द्यायचा. एकच. तिनं जिंकावं वगैरे काही नव्हतं मनात. त्या तासाला तिनं मातीत असावं, स्टुलावर नाही, इतकंच.

मी कृषी कार्यालयात कारकून आहे. समोर आलेलं काम तडीस नेल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि हे काम तर घरचंच. सुरुवात खो-खोनं झाली. मागून कुणीतरी पाठीत थाप मारून "खो" असं ओरडलं, आणि ही जी उठली ती थेट शाळेच्या फाटकाबाहेर. कबड्डीत मात्र गंमत झाली. एकच शब्द पुन्हापुन्हा म्हणायचा, हा खेळ जणू तिच्यासाठीच कुणी काढला होता. ती "कबड्डी कबड्डी" म्हणत, मधली रेषा म्हणून ठेवलेल्या दोन चपलांमधून, पलीकडच्या बाजूत शिरली, कुणाकडे न बघता सगळ्यांमधून गेली आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कुंपणापाशी जाऊन थांबली. तिला पकडायचं की नाही, हेच पोरींना कळेना. घरी तीन दिवस तोच जप चालला. चौथ्या दिवशी तिच्या बाबांनी हात जोडले. बॅडमिंटनचं फूल तिला फार आवडलं, पण मारायला नाही. ते मुठीत धरून ती त्याची पिसं मोजत बसायची. सोळा असतात, हे मला तिच्यामुळे कळलं.

मी चिडायचे, पण खरं सांगायचं तर मला मजाही वाटायला लागली होती. प्रत्येक खेळात ती असं काहीतरी बघायची, जे मी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. तिला नेमकं काय दिसतं, हे मला जाणून घ्यायचं होतं.

त्याच वर्षी शाळेत खेळाच्या नव्या मॅडम आल्या, पुसदच्या. वयानं लहान, बोलायला सरळ. त्या म्हणाल्या, "ताई, तिले पळू द्या. पळण्यात कोणी हात लावत नाही, चेंडू नाही, काही नाही." आणि खरंच, मैदानाच्या या टोकापासून कडुनिंबापर्यंत ती अशी पळायची की बघत राहावं. मान थोडी तिरकी, हात सैल, चेहऱ्यावर हसू. पंधरा दिवस ती रोज पळाली. त्या पंधरा दिवसांत स्टूल रिकामं होतं.

मग शाळेतल्या निवड-शर्यती आल्या. शिपाई काकांनी मैदानावर फक्कीनं, म्हणजे चुन्याच्या भुकटीनं, पांढऱ्या पट्ट्या आखल्या. शेवटी एक आडवी रेषा. सहा मुली उभ्या राहिल्या. मी कार्यालयातून अर्धी रजा टाकून आले होते. शिट्टी वाजली आणि ही सगळ्यांच्या पुढे. नुसती पुढे नाही, चांगली आठ-दहा पावलं पुढे. मी ओरडायला तोंड उघडलं, आणि शेवटच्या रेषेच्या वीतभर अलीकडे ती थांबली. पाय जुळवून, खाली बघत, गपकन थांबली. तिच्या दोन्ही बाजूंनी पाचही पोरी रेषा ओलांडून गेल्या.

लोक हसले. मैदानाच्या कडेला उभी असलेली एक आई म्हणाली, "अवो, काहून थांबली हे पोट्टी?" मला त्या बाईचा इतका राग आला की मी तोंड फिरवलं. मॅडम हिच्याजवळ जाऊन बसल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "काय झालं बेटा? काहून थांबली?"

"रांगोळी आहे," ती म्हणाली.

मॅडमना काही कळलं नाही. मला कळलं.

ती पाच वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. जयंतीला आमच्या वस्तीतल्या बाया पहाटेपासून विहारासमोर मोठी रांगोळी काढत होत्या. ही माझा हात सोडवून तिच्यातून चालत गेली, पाय घासत, रंग पायाखाली कसे मिसळतात ते बघत. एक मावशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "लेकरू सांभाळता येत नाही तर आणता कायले?" मी शरमेनं लाल झाले. त्यानंतर वर्षभर रोज सकाळी दारात चार रेषा ओढायच्या, हिला मनगटाला धरून त्यांच्याजवळ न्यायचं आणि म्हणायचं, "रेषेवर पाय नाही." पाय पडला की आवाज चढवायचा. दोनदा मारलंही. माझा आवाज चढला की ती कान झाकून खाली बसायची, तरी मी थांबले नाही. वर्षभरानं ती शिकली, आणि मी ते चार लोकांना कौतुकानं सांगितलं.

आता मीच ते पुसायला निघाले. रविवारी दारात रांगोळी काढली आणि हिच्या देखत मुद्दाम त्या रांगोळीवर पाय दिला. "बघ, काही होत नाही," म्हणाले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. आधी माझा पाय उचलून बाजूला ठेवला, तळवा फ्रॉकनं पुसला, मग चिमटीत रांगोळी घेऊन मोडलेली रेषा जोडली. मी पुन्हा पाय दिला, तिनं पुन्हा जोडली. चौथ्या वेळी तिनं एका हातानं कान झाकून रेषा जोडली. तेव्हा मी उंबऱ्यावर बसून रडले. शिकवणं जमलं होतं मला, पण शिकवलेलं परत घेणं काही जमेना.

सोमवारी ती पुन्हा स्टुलावर. मी मॅडमना सगळं सांगून टाकलं, मारल्याचंही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही हे पुसता कायले? रेषेवर पाय दिला की माणूस बाद होते, असे बी खेळ आहेत ना आपल्याकडे!" आणि त्यांनी कपाटातून गोळाफेकीचा लहान गोळा काढला.

मी म्हटलं, हिला जड पडेल. पण मीच विसरले होते. पिठाचा भरलेला डबा, पाण्याची बादली, सोयाबीनची अर्धी गोणी, घरात जे जड असेल ते छातीशी धरून फिरायला हिला भारी आवडतं. गोळा हातात घेतल्यावर तिनं तो गालाला लावला आणि डोळे मिटले. मॅडमनी फक्कीचं वर्तुळ आखलं. आत जायचं, गोळा ढकलायचा, मागच्या बाजूनं बाहेर यायचं, आणि वर्तुळाच्या रेषेला पाय लागला की फाऊल. एकच मुलगी, एकच पाळी, बाकी सगळे लांब. तिनं नियम एकदाच ऐकला. गोळा पहिल्यांदा फेकला तो जेमतेम तिच्या पावलांपुढे पडला. पण ती मागच्या बाजूनं बाहेर आली, फिरून जाऊन गोळा उचलला आणि परत वर्तुळाजवळ येऊन उभी राहिली. चाळीस मिनिटं हेच चाललं होतं.

तालुक्याच्या स्पर्धा आर्णीतच होत्या, दुसऱ्या एका शाळेच्या मैदानावर. तिथे भोंगा होता, गर्दी होती. कानात कापूस घालून, माझ्या पिशवीचा बंद धरून ती उभी होती. बऱ्याच पोरी जोरात ढकलायच्या आणि तोल जाऊन रेषेबाहेर यायच्या. पंच लाल झेंडी वर करायचे. हिच्या तिन्ही वेळा पांढरी झेंडी. शेवटचं माप घेताना पंचांचाच बूट रेषेवर गेला, तेव्हा ही मोठ्यानं म्हणाली, "पाय!" त्यांनी दचकून पाय उचलला आणि हसत म्हणाले, "बराबर हाय माय तुयं."

ती चौथी आली. चौथ्याला काही देत नाहीत. मॅडमनी तिला फक्त खेळाच्या पुढच्या तासाचा दिवस सांगितला, आणि तो तिनं दोनदा म्हणून पाठ केला.

घरी येताना ती स्कूटीवर माझ्या मागे बसली होती. बाजाराच्या रस्त्यावर ती अचानक म्हणाली, "आज आई रागावली नाही."

मी गाडी कडेला घेतली. सहा वर्षं ती प्रत्येक रेषेपाशी माझा आवाज ऐकत उभी राहिली होती का, असं मनात आलं. मी मागे वळून म्हणाले, "नाही रागावले. आणि तुझा पाय पडला असता ना, तरी रागावले नसते. खरंच."

तिनं थोडा विचार केला. माझ्याकडे नाही, समोरच्या पंक्चरच्या दुकानाकडे बघत.

"पडला असता तर फाऊल," ती म्हणाली, मला समजावून सांगावं तशी. "आई नसते त्यात. पंच असतात."