वहिनींचं घर माझ्या नावावर

करमाळ्याच्या स्टँडवर आई मला बसवून द्यायला आली होती. भाकरीचं फडकं हातात देत म्हणाली, "तिकडं कमी बोल. चौथी शिकलीस ते लोकांना कळायला नको." बस हलली तसे वडील खिडकीबरोबर दोन पावलं चालले आणि थांबले. मी एकोणीस वर्षांची होते, नुकतंच लग्न झालेलं. आईचं इतकं ऐकलं की दिल्लीत पहिली दोन वर्षं भाजीसुद्धा बोट दाखवूनच घेतली.

यांची नोकरी कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहाच्या स्वयंपाकघरात. राहायला क्वार्टर. तिथं मला बोलतं केलं ते सुनंदावहिनींनी. त्यांचे यजमान विनायकराव बार्शीकडचे, दिल्लीबाहेर मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत होते. दर गणपतीला दोघं आमच्याकडे जेवायला. वहिनी पदर खोचून सरळ ओट्याशी यायच्या. "अगं, भांडी घासतेस की भांड्यांवर राग काढतेस?" माझ्या हिंदीला त्या खूप हसायच्या, पण चारचौघांत कधी हसल्या नाहीत.

पुढं विनायकरावांना कॅनडात नोकरी लागली. मानेसरचा दोन खोल्यांचा फ्लॅट कुलूप लावून दोघं गेले. तरी गणपतीला यायचे, महिनाभर राहायचे. त्यामुळे ते गेलेत असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

यांची निवृत्ती जवळ आली. क्वार्टर सोडावं लागणार होतं. विनायकराव म्हणाले, "बाहेर कशाला शोधतोस, आमचाच घे." फ्लॅट माझ्या नावावर घेतला. हरियाणात बाईच्या नावावर घेतलं की रजिस्ट्रीचा खर्च कमी येतो, कारण एवढंच. मी सही करायला गेले, तीही घरी चार वेळा गिरवून.

रजिस्ट्रीच्या दिवशी कागद करणाऱ्यानं विचारलं, "बेचने वाले यहीं रहते हैं ना?" हे हसून म्हणाले, "हां जी, अपने ही हैं." विनायकराव आमच्या शेजारीच चहा पीत बसले होते. त्यांच्या आधार कार्डावर मानेसरचाच पत्ता होता. त्यांनाही काही वेगळं वाटलं नाही, मलाही नाही. त्या माणसानं सांगितलं, रक्कम पन्नास लाखांच्या आत आहे, टॅक्स कापायची गरज नाही. आम्ही ठरलेले सगळे पैसे विनायकरावांना दिले. यांच्या फंडात फार काही उरलं नाही.

दोन वर्षांनी पाकीट आलं. आतला मजकूर इंग्रजी, पण माझं नाव मला ओळखता येतं. सरकारनं मला कधी पत्र पाठवलं नव्हतं. मी ते देवापुढं ठेवलं आणि हे येईपर्यंत त्याच्याकडं बघत बसले.

गुरुग्रामला एक सी. ए. मुलगी शोधली. तिनं सगळं हिंदीत समजावलं. विकणारा परदेशात राहत असेल तर त्याला पैसे देतानाच घेणाऱ्यानं टॅक्स कापायचा आणि सरकारकडं भरायचा. घर लहान असलं तरी. पन्नास लाखांची सूट इथल्या माणसाकडून घेतलं तरच. माणूस कुठला ते बघत नाहीत, कार्ड बघत नाहीत, त्या वर्षात तो इथं किती दिवस राहिला ते मोजतात. तुम्ही कापला नाही, म्हणून आता तुमच्याकडून मागतात.

हे म्हणाले, "मॅडम, वो तो हमारे घर के आदमी हैं."

"घर के होंगे, अंकल. नॉन-रेसिडेंट हैं." मग तिनं खुर्ची माझ्याकडं वळवली. "नोटिस आंटी के नाम है. जवाब आंटी देंगी."

वाट एकच होती. विनायकरावांनी हा व्यवहार आपल्या रिटर्नमध्ये दाखवून टॅक्स भरला असेल, आणि तसा सी. ए.चा दाखला मिळाला, तर आमच्यावर फक्त व्याज येईल. नाही तर सगळं आम्ही भरायचं. ते भरायला फ्लॅटच विकावा लागला असता. क्वार्टर तर सुटलं होतं.

हे फोन करेनात. "पंचवीस वर्षांची ओळख. कोणत्या तोंडानं विचारू?" आठ दिवस वाट पाहिली. मग एका सकाळी मीच केला.

"अगं बाई, आज तू?" वहिनी म्हणाल्या. "भाऊजींकडून मोबाईल हिसकावून तर नाही ना घेतलास?" मी हसले नाही. कागदावर लिहून घेतलेलं वाचून दाखवलं. वहिनी गप्प झाल्या. मागून विनायकरावांचा आवाज आला, "काय म्हणते?"

"म्हणते, आपण बाहेरचे आहोत."

"तसं नाही वहिनी, सरकार म्हणतं."

"वाचून दाखवलंस ते तूच ना?"

मग विनायकरावच फोनवर आले. रिटर्न भरलंच नव्हतं. म्हणाले, "राहतं घर आपल्याच माणसाला दिलं, त्यात सरकारला काय सांगायचं?" त्यांचीही चूक आमच्यासारखीच होती. मला राग येईना. मी एवढंच म्हणाले, "भाऊजी, आता भरा. नाहीतर आम्ही रस्त्यावर येऊ." एवढं स्पष्ट मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते.

त्यांनी भरलं. उशिरा, दंडासकट. दाखला यायला चार महिने लागले. आमच्या वाट्याचं व्याज आम्ही भरलं आणि प्रकरण मिटलं. घर राहिलं. पण त्या वर्षी वहिनी गणपतीला आल्या नाहीत, पुढच्याही नाहीत. तिकिटं महाग झालीत, असा मेसेज आला. मी "बरं" असं उत्तर पाठवलं. त्यांनी भिंतीत ठोकलेले खिळे तसेच आहेत. मी त्यांना पिशव्या अडकवते.

आता खूप थकायला होतं. यांना गुडघ्यांनी जिने होत नाहीत. खाली सोसायटीत सगळ्याजणी हिंदी बोलतात, मीही बोलते, कुणी हसत नाही.

परवा धाकट्या बहिणीचा, शकूचा, गावाहून फोन आला. नेहमीसारखं तिनं विचारलं, "अक्का, घरी कधी येतेस?" मी डाळ निवडत होते. तोंडातून निघून गेलं, "अगं, मी घरीच आहे."

तिच्याकडं कोंबड्यांचा आवाज येत होता. मग तिनं हळूच विचारलं, "आणि मग हे इथलं काय आहे?"

नकळत मीही गावाला बाहेरची झाले होते. वहिनी फोनवर का गप्प झाल्या होत्या, ते तेव्हा कळलं.