चमचाभर तूप

अगो, जवळ ये, कागदातूनच कान धरते तुझा. पित्ताशय काढल्यापासून तुपाला भितेस म्हणे! माझं काढलं तेव्हा मीही भ्यायले होते.

मला सावरलं ते रक्त न्यायला घरी येणाऱ्या लॅबवाल्या दादांनी. सुई टोचायच्या आधीच "झालं हो आजी, झालं" म्हणतात. कुणाकडे घोटभर पाणी पीत नाहीत, बसत नाहीत. त्या सकाळी मात्र माझी कोरडी पेज पाहिली आणि खुर्ची ओढून बसले. टेबलावर बोटाने गोल काढत सावकाश बोलू लागले.

"पिशवी गेली, पित्त नाही गेलं. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्तक्षार करतं. ते आतड्यात उतरतात, तूप पचवायला मदत करतात, आणि लहान आतड्याच्या शेवटाकडून रक्तातून यकृतात परत येतात. पुन्हा तीच फेरी. थोडे वाटेत जातात, तेवढे नवे होतात. बेतानं खा, पण खा."

बोट फिरत राहिलं. मला भाट्याच्या खाडीची भरती-ओहोटी दिसू लागली, डोळे जडावले. उघडले तर पेजेत चमचाभर तूप विरघळत होतं. वाटी रिकामी होईपर्यंत ते हलले नाहीत.

"झालं हो," यावेळी मी म्हटलं.

तूही परत ये गो लवकर. मऊभात मी करते, तूप मात्र तुझ्या हातानं वाढून घे.